पाच स्टार आणि आमची खोटी साक्ष



हा लेख एका स्पीकरविषयी आहे. चळवळीपुढे एवढे प्रश्न उभे असताना स्पीकरवर लेख कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी क्षणभर थांबावे. आमच्या वस्तीत जयंतीची वर्गणी ५० रुपयांपासून सुरू होते. धुणीभांडी करणाऱ्या मावशीचे ५०, बिगारी काम करणाऱ्या दादाचे १००, नोकरीत असलेल्यांचे ५०० किंवा हजार. या पैशांतून १६,८०० रुपये बाजूला काढून आम्ही एक स्पीकर घेतला. त्याची पावती आम्ही वार्षिक सभेत वाचून दाखवली. पण तो स्पीकर आम्ही कोणाच्या शब्दावर घेतला, याचा हिशेब अजून कोणालाच दिलेला नाही. तो इथे देत आहोत.

आधी गरज काय होती ते सांगतो. आमच्याकडे महिन्यातून एक व्याख्यान होते. वर्षावासात तीन महिने ग्रंथवाचन चालते. ३ जानेवारी, १४ एप्रिल, ६ डिसेंबर हे कार्यक्रम असतातच. प्रत्येक वेळी साऊंडवाल्या मामांकडून सेट भाड्याने आणायचा आणि हजार-दीड हजार मोजायचे. वर्षाकाठी हा आकडा कुठे जातो हे पाहून कोणीतरी म्हणाले, एवढ्या पैशांत स्वतःचा स्पीकर येईल. सगळ्यांना ते पटले.

आता विचारायचे कोणाला? साऊंडवाले मामा गेली तीस वर्षे हेच काम करतात. पण त्यांना विचारू नये असे ठरले. कारण सोपे होते. मामांचा धंदा भाड्याचा, ते आम्हाला स्वतःचा स्पीकर घ्या असे कशाला सांगतील? शहरातल्या दुकानदाराला विचारावे तर ज्या कंपनीत त्याला जास्त सुटतात तीच तो पुढे करणार. म्हणजे ज्याला कळते त्याचा यात काही ना काही हितसंबंध आहे, आणि म्हणून तो बाद. मग उरले कोण? ज्यांनी स्वतःच्या खिशातले पैसे घालून वस्तू घेतली आणि कोणी सांगितले नसताना इंटरनेटवर अनुभव लिहिला, ते हजारो सामान्य ग्राहक. त्यांना खोटे बोलून काय मिळणार?

हा विचार मूर्खपणाचा होता असे आम्ही आजही म्हणणार नाही. जाणकारांविषयीचा हा संशय जुना आहे. अमेरिकेत १९६२ साली जे. गॉर्डन होल्ट यांनी ‘स्टिरिओफाइल’ हे नियतकालिक सुरू केले ते याच तक्रारीतून. तोपर्यंतची ध्वनियंत्रांवरची मासिके जाहिरातदारांना दुखवत नाहीत आणि यंत्र घरात प्रत्यक्ष कसे वाजते हे सांगत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्रावर मोजमापाची सुई लावून भागत नाही, कानाने ऐकून सांगा, हा त्यांचा आग्रह. आग्रह रास्तच होता. पण पुढे त्यातून काय उगवले ते बघा. ज्यांना दोन वायरींमधला ‘आत्मा’ ऐकू येतो असे लोक निर्माण झाले. तिकडे त्यांना सोन्याचे कान असलेले म्हणतात. तुम्हाला फरक ऐकू येत नसेल तर दोष वायरीत नाही, तुमच्या कानात आहे. ज्याला दिसत नाही तो अपात्र, ज्याला ऐकू येत नाही तो अनधिकारी, हा युक्तिवाद आपल्या लोकांनी याआधी कुठे ऐकला आहे हे आम्ही सांगायला नको!

या कानांची परीक्षा घेणारे लोकही तिकडेच निघाले. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ साली एक साधा प्रयोग मांडला. तेच ऐकणारे, तेच स्पीकर. एकदा स्पीकर डोळ्यांसमोर ठेवले आणि एकदा पडद्याआड. डोळ्यांसमोर असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांना भरघोस गुण पडले. पडदा आल्यावर गुणांचे गणित बदलले. ऐकणारे काही अडाणी नव्हते, ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीतलेच लोक होते. म्हणजे माणूस कानाने ऐकतो असे आपण म्हणतो खरे, पण तो डोळ्यांनी, किमतीने आणि नावानेही ऐकतो. यात कोणी लबाडी करत नाही. जे प्रामाणिकपणे लिहितात त्यांच्याही शब्दांत हे सगळे मिसळलेले असते. आणि ज्याने १६ हजार मोजले त्याचा कान तर आणखीच उदार होतो. आपण फसलो हे पहिल्याच दिवशी कबूल करायला कोणाला आवडते?

हे सर्व आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. आम्ही सहा जण तीन रात्री विहारात बसून मोबाइलवर रिव्ह्यू वाचत होतो. एक ट्रॉली स्पीकर पसंत पडला. चाके, खेचायचा दांडा, दोन कॉर्डलेस माइक, चार्जिंगची बॅटरी, आणि समोर निळे-तांबडे दिवे. सरासरी ४.४ स्टार. खोक्यावर पीएमपीओ १२,००० वॅट. आम्ही म्हणालो, बारा हजार वॅटमध्ये वस्ती काय, तालुका ऐकेल.

या पीएमपीओविषयी दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण आपली पोरे इथेच फसतात. हा आकडा म्हणजे यंत्र एका निमिषात, कागदावर, जास्तीत जास्त किती झेप घेऊ शकेल याची कल्पना. तो मोजायची एकच एक सर्वमान्य पद्धत नाही, म्हणून ज्याला जो हवा तो आकडा छापता येतो. खरा आकडा आरएमएस वॅटचा, म्हणजे यंत्र सतत किती ताकद देऊ शकते त्याचा. तोही छापलेला नसेल तर यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचा. आमच्या स्पीकरच्या पाठीवर लिहिले होते की तो १२० वॅट वीज घेतो. जो तोंडाने १२० घेतो तो सतत १२,००० कुठून ओकणार? ही पट्टी आम्ही वाचली, पण स्पीकर घरी आल्यावर.

स्पीकर मार्चमध्ये आला. खोक्यात एक छापील कार्ड होते. पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवा आणि १५० रुपये मिळवा. आमच्यातल्या एकाने लगेच मोबाइल काढला. स्पीकर जेमतेम अर्धा तास वाजला होता, तोही विहाराच्या खोलीत. ‘सुपर्ब साऊंड, व्हॅल्यू फॉर मनी’ असे लिहून त्याने पाच स्टार ठोकले. १५० रुपये आले. त्याचा चहा आणि भजी आम्ही सर्वांनी मिळून खाल्ली. त्या पोराचे नाव आम्ही सांगणार नाही, कारण भजी खाणाऱ्यांत आम्हीही होतो.

मग १४ एप्रिल आला.

मैदानात साडेतीनशे-चारशे माणूस. पुढे लहान मुले, मागे बायाबापड्या, त्याहून मागे कट्ट्यावर म्हातारी माणसे. बाहेरगावाहून व्याख्याते आलेले. विषय होता संविधान आणि कंत्राटी कामगार. आमच्या वस्तीतले निम्मे घरदार कंत्राटी कामावर जगते, म्हणून हा विषय मुद्दाम ठेवला होता. पहिली पाच मिनिटे बरी गेली. मग मागून हात वर होऊ लागले. आम्ही आवाज वाढवला तर माइक शिट्टी मारू लागला. कमी केला तर तिसऱ्या रांगेपलीकडे काही पोचेना. गीत गायला पोरी उभ्या राहिल्या तेव्हा ढोलकीचा नुसता धमधमाट, शब्दांचा पत्ता नाही. कॉर्डलेस माइक मधूनच तुटत होता. एक आजी काठी टेकत पुढे आल्या आणि म्हणाल्या, “बाळा, ढोल ऐकू येतो, माणूस ऐकू येत नाही.”

व्याख्याते शेवटी माइक ठेवून घसा फोडून बोलले. कोणीतरी सायकल काढून मामांकडे गेला. मामा अर्ध्या तासात दोन कॉलम आणि एक जुना अँप्लिफायर घेऊन आले. कॉलम त्यांनी स्टेजवर न ठेवता उंच काठ्यांना, माणसांच्या डोक्यांच्या वर बांधले, एक पुढे आणि एक मध्यावर. माइकच्या मागच्या बाजूला एकही स्पीकर नाही, सगळे पुढे. अँप्लिफायरवरचे बेसचे बटण जवळपास बंद केले. शेवटची वीस मिनिटे कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनाही ऐकू गेली. पण पीएफ आणि ईएसआयवरचा भाग तोवर होऊन गेला होता. ज्यांच्यासाठी तो होता त्या बाया मागे बसल्या होत्या.

नुकसान १६,८०० रुपयांचे झाले असे आम्ही मानत नाही. नुकसान त्या पाऊण तासाचे झाले.

दुसऱ्या दिवशी मामांना विचारले, असे का झाले? त्यांनी जे सांगितले त्यात विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचे काहीच नव्हते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने पडतो. स्पीकरपासून १ मीटरवर जेवढा आवाज, त्यापेक्षा ३२ मीटरवर ३० डेसिबल कमी. उलट वॅट दुप्पट केले तर मिळतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. मामा डेसिबल म्हणत नव्हते. ते म्हणाले, “मैदानात आवाज फेकून मिळत नाही, वाटावा लागतो.” म्हणजे एकच बलाढ्य डबा ठेवण्यापेक्षा लहान-लहान स्पीकर माणसांच्या जवळ न्यावेत. खोलीत भिंती आवाज परत देतात. मैदानाला भिंती नसतात.

आणि बेस? बोलण्यातली ताकद असते स्वरांत, अर्थ असतो व्यंजनांत. स, श, त, थ, क हे आवाज बारीक, त्यांचा जोर साधारण २,००० हर्ट्झच्या वर. खाली गडगडाट वाढवला की तो या बारीक आवाजांना गिळतो. व्याख्याते स्टेजवरून ‘समता’ म्हणतात आणि शेवटच्या रांगेत ती ‘ममता’ होऊन पोचते. आम्ही वाचलेल्या रिव्ह्यूंमध्ये सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द कोणता होता, सांगू? बेस. ‘बेस जबरदस्त’, ‘बेस से खिडकी हिलती है’. जे आमच्या सभेचे मारेकरी निघाले त्याचीच आरती तीन रात्री वाचून आम्ही पैसे भरले होते.

त्या रात्री आम्ही ते सगळे रिव्ह्यू पुन्हा उघडले. आता आम्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचत होतो आणि लाज वाटत होती. बहुतेक रिव्ह्यू वस्तू हातात पडल्यापासून दोन दिवसांच्या आत लिहिलेले. पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेवर, रंग मस्त, पप्पांना गिफ्ट दिला. फोटो आहेत ते दिवाणखान्यातले, सोफ्याच्या शेजारचे. काही रिव्ह्यू तर चक्क दुसऱ्याच वस्तूचे, कानात घालायच्या इअरफोनचे, कसे कोण जाणे या स्पीकरखाली येऊन बसलेले. काहींची वाक्ये एकमेकांची जुळी भावंडे. आणि आमचेही एक होतेच, सुपर्ब साऊंड. म्हणजे आमच्यासारखी वर्गणी जमवून दुसऱ्या एखाद्या वस्तीतली पोरे रात्री विहारात बसून रिव्ह्यू वाचत असतील, तर त्यांना फसवणाऱ्यांत आमचाही एक आवाज मोजला जात होता.

पण खरी चपराक पुढे आहे. खाली खाली जाताना तीन स्टारचा एक रिव्ह्यू सापडला. रोमन लिपीत लिहिलेली मोडकीतोडकी हिंदी, स्पेलिंग चुकलेले, विरामचिन्हे नाहीत. कुठल्याशा शाळेतल्या शिक्षकाने लिहिले होते की सकाळच्या प्रार्थनेला दोनशे मुले मैदानात उभी राहतात, मागच्यांना ऐकू येत नाही, माइक वीस पावलांवर तुटतो, पण व्हरांड्यात वर्ग घ्यायला ठीक आहे, सात महिने झाले, एक चाक निघाले. उपयुक्त म्हणून त्याला एकानेही पसंती दिलेली नव्हती.

हा रिव्ह्यू आम्ही फेब्रुवारीत वाचला होता. तीन रात्रींपैकी दुसऱ्या रात्री. आमच्यातल्या एकाने तो मोठ्याने वाचला, त्याच्या हिंदीवर आम्ही हसलो आणि पुढे सरकलो. पुढचा रिव्ह्यू अस्खलित इंग्रजीत होता, परिच्छेद पाडलेला, त्यात ‘साऊंडस्टेज’ आणि ‘क्लॅरिटी’ असे शब्द होते. त्याच्यावर आमचा विश्वास बसला.

मित्रांनो, आम्ही कालाम सुत्तावर बोलणारी माणसे आहोत. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, हे आम्ही प्रत्येक शिबिरात सांगतो. त्याच यादीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर आम्ही भाषणात फारसे थांबत नाही. बोलणारा लायक दिसतो एवढ्यासाठी स्वीकारू नका. आमच्या बापजाद्यांची साक्ष कोणी घेतली नाही, कारण त्यांची भाषा ‘शुद्ध’ नव्हती. आमच्या बायांच्या फिर्यादी ठाण्यात नीट लिहून घेतल्या जात नाहीत, कारण त्या मुद्देसूद बोलत नाहीत. या अन्यायावर आमचे अर्धे आयुष्य गेले आणि मैदान, मुले, पावले, महिने असे सगळे मोजून सांगणारा एकमेव साक्षीदार समोर आला तेव्हा आम्ही त्याच्या स्पेलिंगवर हसलो.

तेव्हापासून आम्ही रिव्ह्यू वाचण्याची रीत बदलली. काही कार्यकर्ते म्हणतात की हे सगळे थोतांड आहे, जाणकारालाच विचारावे. आम्हाला ते मान्य नाही. ज्याला कंपनीने पंधरा दिवसांसाठी फुकट यंत्र दिले तो जाणकार चाक कधी निघते हे सांगू शकत नाही. पावसाळ्यात चार्जिंगची पिन गंजते, जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व्हिस सेंटर म्हणून दिलेल्या पत्त्यावर किराणा दुकान निघते, लाइट कमी-जास्त झाली की यंत्र आपोआप बंद पडते, या गोष्टी फक्त वापरणारा सांगतो. यंत्र टिकते का, तुटते कसे, तुटल्यावर कोण उभे राहते, याबाबतीत सामान्य ग्राहकाच्या शब्दाला तोड नाही. तो कमी पडतो ते ‘आवाज कसा आहे’ हे ठरवताना, कारण त्याच्याजवळ तुलनेला दुसरे काही नसते, खोली त्याची स्वतःची असते आणि पैसे नुकतेच गेलेले असतात. दोन यंत्रांत जे किंचित मोठ्याने वाजते तेच चांगले वाटते. दुकानदारांना हे फार जुने ठाऊक आहे.

म्हणून स्टार पाहायचे नाहीत. साक्षीदाराला जे विचारतात तेच विचारायचे. तुम्ही कुठे होता? किती दिवस होता? आणि हे सांगायला तुम्हाला कोणी काय दिले? खोलीची किंवा मैदानाची लांबी नसेल, किती माणसे होती ते नसेल, किती महिने वापरले ते नसेल, तर तो रिव्ह्यू कितीही गोड असो, तो आमच्या कामाचा नाही. आधी दोन आणि तीन स्टारवाले वाचायचे. एक स्टारवाला पुष्कळदा डिलिव्हरीवाल्यावर रागावलेला असतो, पाच स्टारवाल्याने पुष्कळदा भजी खाल्लेली असते.

कायदा काय म्हणतो, हेही काही जणांनी विचारले. आपल्याकडे ई-कॉमर्सविषयीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू लिहू नयेत असे ते सांगतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि छापावेत यासाठी आयएस १९००० हे मानक आणले, पण ते ऐच्छिक ठेवले. ऐच्छिक म्हणजे काय हे आपल्याला किमान वेतनाच्या बाबतीत पुरेसे कळलेले आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये खोटे आणि विकत घेतलेले रिव्ह्यू यांच्यावर दंडाचा नियम केला. यातला कोणताही नियम आमच्या विहारात १५० रुपयांसाठी मोबाइल काढणाऱ्या पोराचा हात धरायला येणार नव्हता.

आम्ही आमचा रिव्ह्यू बदलला. पाचाचे तीन स्टार केले. मैदान ३० मीटर, माणसे साडेतीनशे, तिसऱ्या रांगेपलीकडे बोलणे कळत नाही, माइक तुटतो, खोलीत साठ माणसांसाठी उत्तम, असे मराठीत लिहिले. आधीचे पाच स्टार आम्ही १५० रुपये घेऊन दिले होते, हेही लिहिले.

चौथ्या दिवशी विक्रेत्याकडून फोन आला. कोवळ्या आवाजाचा एक मुलगा हिंदीत बोलत होता. रिव्ह्यू काढा, १,००० रुपये परत करतो. आम्ही नाही म्हणालो. दोन दिवसांनी पुन्हा फोन. ४,००० परत करतो, स्पीकरही ठेवा. तिसऱ्या वेळी तो रडवेला झाला होता. दादा, महिन्याला एवढे वाईट रिव्ह्यू आले की माझ्या पगारातून कापतात. खरे असेल किंवा त्याला तसे बोलायला शिकवले असेल. खरे असेल असेच आम्ही धरून चालतो, कारण तोही कोणाचा तरी कंत्राटी कामगारच.

४,००० रुपये आमचे नव्हते, वस्तीचे होते. म्हणून आम्ही बैठक बोलावली. खजिनदार म्हणाले, पैसे घ्या, ८० घरांची ५०-५० रुपयांची वर्गणी परत मिळते आहे, तुमच्या तत्त्वासाठी ती सोडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? या प्रश्नाला आमच्याकडे चोख उत्तर नव्हते. महिला मंडळाच्या ताई म्हणाल्या, पैसे घेतले तर पुढच्या वस्तीची वर्गणी बुडवून आपली भरून काढली असे होईल. वाद रात्री ११ पर्यंत चालला. एकमत झाले नाही, बहुमताने रिव्ह्यू ठेवला. खजिनदार आजही आमच्यावर नाराज आहेत आणि त्यांचे चुकले असे आम्हाला म्हणता येत नाही. १५० रुपये मात्र आम्ही परत करू पाहिले तेव्हा त्या क्रमांकावर कोणी घेतले नाहीत. आम्ही सहा जणांनी २५-२५ काढून ते वर्गणीच्या डब्यात टाकले.

नंतर आम्ही मामांकडे गेलो आणि म्हणालो, तुम्ही तीस वर्षांत शेकडो सेट वाजवले, तुम्ही का लिहीत नाही? ते म्हणाले, “मला कोण विचारतं? आणि लिहू कशात, मला इंग्रजी येत नाही.” मग दर रविवारी आमच्यातली दोन पोरे त्यांच्या गोडाऊनवर जाऊन बसू लागली. मामा बोलतात, पोरे मराठीत उतरवतात आणि त्या-त्या यंत्राखाली टाकतात. प्रत्येक यंत्र एकाच पद्धतीने तपासतात. आधी बाबासाहेबांची १९५५ ची बीबीसीची मुलाखत लावायची. ध्वनिमुद्रण जुने आहे, त्यात बेस नावाला नाही, निव्वळ माणसाचे बोलणे. ५० पावलांवर उभे राहून शब्द न् शब्द कळला पाहिजे. मग प्रल्हाद शिंदे. हा आवाज आपल्या घराघरात पाठ आहे, त्यामुळे यंत्राने त्यात काय घातले आणि काय खाल्ले हे कोणालाही लगेच कळते, त्यासाठी सोन्याचे कान लागत नाहीत. यंत्र कोणते आहे हे ऐकणाऱ्याला सांगायचे नाही, त्याला पाठ करून उभे करायचे. दोन्ही यंत्रांचा आवाज मोबाइलवरच्या मीटरने आधी सारखा करून घ्यायचा. मीटर अगदी अचूक नसते, पण दोघांना सारखेच चुकते.

आतापर्यंत अकरा यंत्रे झाली. त्यातल्या एकालाही पाच स्टार नाहीत. मामांनी स्वतः ज्या सेटवर घर चालवले त्यालाही त्यांनी चारच दिले आणि ट्रान्सफॉर्मर तापतो हे लिहायला लावले.

आमचा ट्रॉली स्पीकर आता विहारातच असतो. वर्षावासातील वाचन त्याच्यावरच होते आणि ५०-६० माणसांना नीट ऐकू जाते. मैदानातल्या सभेला मामांचे कॉलम येतात, भाडे देऊन. गेल्या महिन्यात आमच्या रिव्ह्यूखाली कोणीतरी प्रश्न टाकला, तोही रोमन लिपीतल्या मराठीत: आमच्याकडे पत्र्याचे समाजमंदिर आहे, दीडशे माणसे बसतात, हा घ्यावा का? आम्ही उलट विचारले की लांबी किती आणि पत्र्याखाली पीओपी किंवा कापड काही आहे का, कारण उघड्या पत्र्याखाली आवाज घुमतो. त्यांनी ४० फूट सांगितले, पत्रा उघडाच आहे. आम्ही लिहिले की घेण्याआधी एक संध्याकाळ भाड्याने आणून वाजवा आणि शेवटच्या रांगेत एखाद्या आजीला बसवा. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.